सोबत्याचा नकार : फँटसी आरपीजीतील प्रणयलेखनाचा आढावा

संगणकावरील रोल-प्लेइंग गेम (आरपीजी), म्हणजे ज्यात खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका घेऊन त्याच्या वतीने बोलतो, लढतो आणि निर्णय घेतो असा खेळ, साहित्यात मोडतो की नाही याविषयी मतभेद होऊ शकतात. परंतु त्याची एक शाखा अशी आहे की तिच्याविषयी बोलताना साहित्यसमीक्षेची परिभाषा टाळता येत नाही. नायकाबरोबर प्रवास करणारी, स्वतःचा स्वभाव, भूतकाळ आणि मते असलेली जी पात्रे या खेळांत असतात त्यांना 'कंपॅनियन' म्हणजे सोबती म्हटले जाते, आणि त्यांपैकी काहींशी नायकाचे प्रेम जुळण्याची जी कथासूत्रे लिहिलेली असतात त्यांना खेळाडूंच्या बोलीत 'रोमान्स' असे नाव आहे. या लेखनातील मूळ अडचण कादंबरीकाराला कधी भेडसावत नाही. कादंबरीतील दोन्ही प्रेमिक एकाच लेखकाच्या हातात असतात. येथे मात्र अर्धे नाते खेळाडूच्या हातात असते आणि उरलेले अर्धे काही वर्षांपूर्वी कोणीतरी लिहून, ध्वनिमुद्रित करून, बंद करून ठेवलेले असते. खेळाडूला निवड हवी असते, तर प्रेमात निवड दोघांची असावी लागते. सोबत्याला 'नाही' म्हणण्याची सोयच नसेल तर त्याच्या 'हो'ला किंमत राहत नाही, आणि पैसे मोजून खेळ विकत घेणाऱ्याला नकार ऐकवणे धंद्याच्या दृष्टीने धोक्याचे ठरते. गेल्या पाव शतकातील प्रणयलेखनाचा इतिहास हा बहुतांशी या पेचाशी झालेल्या झटापटीचा इतिहास आहे.

या खेळांचे मूळ १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळात आहे. त्यात 'डन्जन मास्टर' नावाचा एक खेळगडी सूत्रधाराचे काम करतो आणि जगातील इतर सर्व पात्रांच्या तोंडून तोच बोलतो, त्यामुळे एखाद्या खेळाडूने सरायवालीशी लगट केली तर तिने हसावे की कानाखाली वाजवावी हे त्या क्षणी एक जिवंत माणूस ठरवत असतो. संगणकाकडे असा माणूस नाही. त्याच्याकडे आहे तो हिशेब: कोणती घटना घडली, कोणते वाक्य निवडले गेले, त्यावरून कोणता आकडा वाढला वा घटला, आणि तो आकडा अमुक मर्यादेपलीकडे गेला की कोणता प्रसंग उघडायचा. या आकड्याला बहुतेक खेळांत 'अप्रूव्हल' म्हणतात. मराठीत त्यासाठी 'मर्जी' हा दरबारी शब्द चपखल बसतो, कारण मर्जी संपादन करता येते, ती खप्पाही होते, आणि जो मर्जी राखतो तो मनात काय बाळगून आहे याची चौकशी सहसा कोणी करत नाही.

हा हिशेब जपानी खेळांनी आधी आणि अधिक उघडपणे मांडला. कोनामीच्या १९९४ सालच्या 'तोकिमेकी मेमोरियल'मध्ये शाळकरी नायकाने एखाद्या मुलीकडे फार दिवस दुर्लक्ष केले की तिच्या नावापुढे बॉम्बचे चित्र येते, आणि तो फुटला की तिची नाराजी इतर मुलींपर्यंतही पोचते. १९९७ सालच्या 'फायनल फँटसी ७'मध्ये हाच हिशेब लपवलेला आहे: गोल्ड सॉसर या करमणूकनगरीत एका रात्री नायकाबरोबर फिरायला कोण जाणार, हे त्याच्या आधीच्या बोलण्यावागण्यातून जमलेले अदृश्य गुण ठरवतात, आणि गुण विचित्र रीतीने जमले तर दारात बॅरेट हा दणकट पुरुष सहकारी उभा राहतो. हा विनोद असला तरी त्यात एक तत्त्व दडलेले आहे, ते असे की आपण काय निवडत आहोत हे खेळाडूला निवडताना ठाऊक नसते.

पाश्चात्त्य परंपरेत या लेखनाला आकार आला तो कॅनडातील बायोवेअर या कंपनीच्या हातून. तिच्या १९९८ सालच्या 'बाल्डर्स गेट'मध्ये पंचवीस सोबती होते, पण त्यांच्या वाट्याला आलेले संवाद मोजकेच होते. २००० साली आलेल्या दुसऱ्या भागात सोबत्यांची संख्या कमी करून त्यांचे बोलणे वाढवले गेले, आणि पुरुष नायकासाठी एअरी, जाहीरा व विकोनिया, तर स्त्री नायिकेसाठी एकटा अनोमेन, असे चार रोमान्स लिहिले गेले. तिघींसमोर एक हे प्रमाण त्या काळी विकत घेणारा कोण असे गृहीत धरले जात होते ते सांगून जाते. या रोमान्सची यंत्रणा मर्जीच्या आकड्यावर नव्हे तर घड्याळावर चालत असे. ठरावीक वेळ खेळ खेळला गेला की सोबती आपण होऊन बोलायला येई, खेळाडूने चुकीचे उत्तर दिले की ते सूत्र बहुतेक वेळा कायमचे तुटे, आणि कोणते उत्तर चुकीचे होते हे खेळ कधी सांगत नसे. आजच्या खेळाडूला ही पद्धत जाचक वाटते, परंतु तिच्यात एक गुण होता तो पुढे फारसा जपला गेला नाही: बोलणे सुरू करण्याचा हक्क सोबत्याकडे होता.

त्या खेळातील जाहीरेचे उदाहरण सर्वांत धाडसी आहे, कारण कथा सुरू होते त्याच तळघरात तिला आपल्या नवऱ्याचे, खालीदचे, प्रेत सापडते. जी स्त्री नुकतीच विधवा झाली आहे तिच्याशी प्रेम जुळवण्याची सूत्ररचना करणे अभिरुचीला धरून आहे का, हा आक्षेप योग्यच आहे. परंतु लेखकांनी ती घाई झाकून ठेवली नाही, आणि तिचे दुःख व अपराधीपण संवादांतच येऊ दिले. अनोमेनच्या बाबतीत निवड वेगळ्या जागी ठेवली आहे. त्याच्या बहिणीचा खून होतो, बाप सूड घे म्हणून डिवचतो, आणि सूड घ्यावा की न्यायावर सोडावे याचा सल्ला अनोमेन खेळाडूला विचारतो. सूड टाळला तर तो सरदारपदाच्या कसोटीला उतरतो आणि स्वभावाने सन्मार्गी होतो. सूड घेतला तर त्याला ते पद नाकारले जाते आणि तो बेबंद होत जातो. एखादे गोड वाक्य निवडण्यापेक्षा ही निवड किती तरी जड आहे, कारण तिने नाते जुळते की नाही हा प्रश्न मागे पडतो आणि नाते कोणत्या माणसाशी जुळणार हे ठरते.

याच सुमारास, १९९९ साली, ब्लॅक आयल या संस्थेच्या 'प्लेनस्केप: टॉरमेंट' या खेळाने संपूर्ण प्रश्न उलटा करून मांडला. त्यातील अनामिक नायक अमर आहे, पण मरून उठताना त्याची स्मृती अनेकदा पुसली जाते, आणि त्याच्या पूर्वीच्या अवतारांनी काय काय करून ठेवले आहे याचा शोध म्हणजेच कथा. आरंभीच्या शवागारात त्याला डीयोनारा नावाच्या स्त्रीचे भूत भेटते, जिचे त्याच्यावर अजून प्रेम आहे. पुढे संवेदना साठवून ठेवणाऱ्या एका शिळेला स्पर्श केल्यावर खेळाडूला तिची ओढ तिच्या बाजूने अनुभवायला मिळते, आणि त्याच क्षणी त्या वेळच्या नायकाच्या मनात चाललेला थंड हिशेबही ऐकू येतो: कोणते वाक्य उच्चारले असता ती विरघळेल, कोणत्या स्पर्शाने ती मागे येईल, आणि मेल्यानंतरही ती कशी उपयोगी पडेल. संवादांच्या यादीतून अचूक वाक्य निवडून समोरच्याचे प्रेम मिळवणे हेच तर रोमान्स खेळणाऱ्या प्रत्येकाचे काम असते. या प्रसंगात ते काम खेळाडूला आरशासारखे समोर धरून दाखवले आहे, आणि प्रणयलेखनाची इतकी कठोर समीक्षा पुढच्या काळात समीक्षकांनीही क्वचितच केली असेल.

मर्जीचा आकडा उघड्यावर आणण्याचे काम बायोवेअरच्याच २००९ सालच्या 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'ने केले. डेव्हिड गेडर यांच्या नेतृत्वाखाली लिहिल्या गेलेल्या या खेळात प्रत्येक सोबत्यापुढे उणे शंभरपासून शंभरपर्यंतची एक पट्टी दिसते, आणि नायकाच्या कृतींबरोबरच भेटवस्तूंनीही ती सरकते. एखाद्या गावाला वाऱ्यावर सोडून दिल्यामुळे दुखावलेल्या सोबत्याला छावणीत बसवून एकामागून एक मूर्ती, दागिने आणि पुस्तके हातात दिली की तो खुलतो. ज्याने हे केले आहे त्याला आपण मन वळवत आहोत की लाच देत आहोत हा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही. नंतर वेगळ्या विकत मिळणाऱ्या जोडभागात तर मर्जी एकदम वाढवणाऱ्या वस्तूंचा संचच देण्यात आला. या प्रकारावरील टीकेचे सार असे सांगितले जाते की चांगुलपणाची नाणी टाकत राहावे आणि यंत्रातून शेवटी शय्यासुख बाहेर पडावे. टीका रास्त आहे, पण तिच्यामुळे त्या खेळातील उत्तम लेखनाकडे दुर्लक्ष होऊ नये, कारण जिथे ते उत्तम आहे तिथे पट्टी कामाला येत नाही.

त्याचा पुरावा म्हणजे अ‍ॅलिस्टर. हा राजाचा अनौरस मुलगा विनोदामागे लपणारा, जबाबदारीला भिणारा आणि प्रेमात भाबडा आहे. लोदरिंग गावात खुडलेले गुलाबाचे एक फूल तो नायिकेला देतो तो प्रसंग अनेकांच्या स्मरणात आहे. पण या नात्याचे भवितव्य त्या फुलावर ठरत नाही. मध्यंतरी तो आपल्या सावत्र बहिणीला भेटायला जातो, ती फक्त पैशांसाठी त्याच्यावर ओरडते, आणि बाहेर आल्यावर खेळाडूने त्याची समजूत काढली की जग असेच आपमतलबी असते असे त्याला सुनावले, यावरून त्याच्या स्वभावाला वळण मिळते. अनेक तासांनंतर त्याला गादीवर बसवण्याची वेळ आली म्हणजे या बोलण्याचा जाब द्यावा लागतो. नायिका मानवी उमराव घराण्यातील असेल तर ती राणी होऊ शकते. ती एल्फ, बुटकी किंवा जादूगार असेल तर राजाला वारस आणि प्रतिष्ठा यांचा विचार करावा लागतो, आणि तिच्या सहवासापेक्षा कर्तव्य मोठे मानून भाबडा अ‍ॅलिस्टर नाते तोडतो. मर्जी शंभरावर असली तरी तो तोडतो. शेवटच्या युद्धात तर लेखकांनी याहून पुढचे पाऊल टाकले आहे. महादैत्याला अखेरचा घाव घालणारा ग्रे वॉर्डन, म्हणजे नायिका आणि अ‍ॅलिस्टर ज्या पंथाचे आहेत त्यातला योद्धा, मरतो हे ठाऊक असताना, आणि मृत्यू टाळणारा मॉरिगन या जादूगार सोबतिणीचा विधी नाकारलेला असताना, प्रेमात पडलेला अ‍ॅलिस्टर बरोबर असेल तर तो नायिकेला पुढे जाऊ देत नाही, स्वतः धावून जातो. सबंध खेळभर निवडीचा अधिकार ज्याच्या हाती होता त्या खेळाडूच्या हातून सर्वांत मोठी निवड सोबती हिसकावून घेतो, आणि खेळाडू त्याबद्दल तक्रार करत नाही, उलट त्याला वर्षानुवर्षे विसरत नाही.

२०११ सालच्या 'ड्रॅगन एज २'ने मर्जीच्या पट्टीची दोन टोके 'मैत्री' आणि 'स्पर्धा' अशी ठेवून एक चांगली दुरुस्ती केली, ती म्हणजे मतभेद असूनही आदर आणि आदरातून प्रेम निर्माण होऊ शकते. मात्र त्याच खेळाने संवादचक्रावर, म्हणजे उत्तरे निवडण्याच्या गोल आराखड्यावर, प्रेमळ उत्तरापुढे हृदयाचे चिन्ह छापले. त्याने गैरसमज टळतात हे खरे. पण माणसांच्या व्यवहारातला अर्धा आनंद आणि बहुतेक फजिती ज्या न कळण्यात असते, ते न कळणेही त्याबरोबर गेले. या खेळाचे खरे सामर्थ्य अँडर्स या वैद्याच्या सूत्रात आहे. तो कर्कवॉल नगरातील धर्मपीठ स्फोटाने उडवतो, खेळाडूने काहीही निवडले तरी उडवतो, आणि त्यासाठी लागणारे साहित्य आपल्या प्रियकराकडून वा प्रेयसीकडून, औषधाची थाप मारून, गोळा करवून घेण्याचा प्रयत्न करतो. त्यानंतर त्याचे काय करायचे हे तेवढे खेळाडूने ठरवायचे असते. निवड काढून घेतली म्हणून यावर टीका झाली, परंतु दुसऱ्या माणसाच्या कटासमोर आपले प्रेम असहाय असू शकते ही जाणीव निवडीच्या स्वातंत्र्यातून कधीच आली नसती.

या खेळातील चार मुख्य रोमान्स नायकाच्या लिंगाचा विचार न करता सर्वांना खुले होते, आणि तिथून एक वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. सर्व सोबती सर्वांना उपलब्ध असावेत ही मागणी न्यायाची आहे, कारण 'बाल्डर्स गेट'च्या दुसऱ्या भागातील तीनास एकचे प्रमाण कोणालाही परत नको आहे. परंतु ज्याचे आकर्षण समोर कोण आहे त्यावर बेतले जाते त्या पात्राला स्वतःचे आकर्षण उरते का, हा प्रश्नही तितकाच न्याय्य आहे. २०१४ सालच्या 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन'ने दुसरी वाट धरली. डोरियन फक्त पुरुषावर, सेरा फक्त स्त्रीवर प्रेम करते, कॅसांड्राला स्त्री नायिकेने छेडले तर ती अवघडून पण स्पष्टपणे नाही म्हणते, आणि डोरियनच्या वैयक्तिक कथेचा गाभाच असा आहे की बापाने जादूने त्याचा कल बदलण्याचा घाट घातला होता. हे पात्र सर्वांना खुले ठेवले असते तर ती कथा पोकळ झाली असती. शिवाय खेळाडूने डोरियन आणि आयर्न बुल या सोबत्यांपैकी कोणालाच निवडले नाही तर ते दोघे एकमेकांना निवडू शकतात. सोबत्यांना नायकाच्या नजरेबाहेर आयुष्य असते एवढे सुचवायला इतकी लहानशी तरतूद पुरते. २०२४ सालच्या 'ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड'मध्ये सातही सोबती पुन्हा सर्वांना खुले झाले, यावरून हा लंबक अजून हलताच आहे असे दिसते.

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेचा प्रवास याहून नाट्यमय आहे. तिच्या २००७ सालच्या पहिल्या 'द विचर'मध्ये नायक गेराल्टने ज्या स्त्रियांशी संग केला त्यांची चित्रे पत्त्यांसारखी गोळा होत असत, आणि हा प्रकार आज पाहिला तर त्यातील पोरकटपणा झाकता येत नाही. आठ वर्षांनी आलेल्या तिसऱ्या भागात त्याच संस्थेने येनेफर आणि ट्रिस यांच्यातील निवड परिपक्वतेने लिहिली. येनेफर एका जिनाकरवी दोघांना बांधणारी जादू तोडून घेते, केवळ यासाठी की जादू गेल्यावर प्रेम उरते का ते पाहावे. आणि उरले नाही असे म्हणण्याची मुभा खेळाडूला आहे. जो दोघींनाही प्रेमाचा शब्द देतो त्याला त्या दोघी मिळून मद्यपानाला बोलावतात, पलंगाला बांधतात आणि तसाच सोडून निघून जातात. दोन्ही दगडांवर पाय ठेवणाऱ्याची याहून नेमकी शिक्षा कोणत्या खेळाने दिलेली नाही.

'स्कायरिम'विषयी फार लिहिण्याजोगे नाही. २०११ सालच्या त्या खेळात मारा देवीचा ताईत गळ्यात घालून हिंडले की साठाहून अधिक पात्रांपैकी कोणाशीही लग्न लावता येते, जोडीदार रोज जेवण रांधतो आणि दुकानाच्या नफ्यातले पैसे देतो. हे गृहव्यवस्थेचे चित्रण आहे, प्रणयाचे नाही, आणि ते दुसरे काही असल्याचा आवही आणत नाही.

बेल्जियमच्या लॅरियन या संस्थेने २०२३च्या ऑगस्टमध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केलेला 'बाल्डर्स गेट ३' हा या परंपरेचा आजवरचा सर्वांत विस्तृत टप्पा आहे, आणि तिच्यातील दोषही त्यात मोठ्या प्रमाणावर दिसतात. प्रसिद्धीनंतर लगेचच लक्षात आले की सोबती अकारण उतावीळ आहेत, थोडी मदत केली की गेलसारखा विद्वान जादूगारही गळ्यात पडतो. मर्जीच्या मर्यादा चुकून फार खाली राहिल्याचे संस्थेने मान्य केले आणि त्या दुरुस्त केल्या. एक आकडा चुकला म्हणून माणसांचा स्वभाव बदलतो, हे हिशेबाच्या पद्धतीवरील उत्तम भाष्य ठरावे. दुसऱ्या बाजूला कार्लाकचे सूत्र आहे. तिच्या छातीत हृदयाऐवजी नरकातील धगधगते यंत्र असल्यामुळे तिला कोणाला स्पर्शही करता येत नाही, आणि लोहाराकडून दोनदा दुरुस्ती झाल्यावर ती पहिल्यांदा मिठी मारते, तेव्हा त्या साध्या कृतीला जे वजन येते ते शय्याप्रसंगांनाही येत नाही.

सर्वांत बारकाईने पाहावे असे सूत्र अस्टॅरियनचे आहे. दोनशे वर्षे धन्याच्या हुकमावरून सावजे भुलवून आणण्यासाठी स्वतःचे शरीर वापरावे लागलेला हा रक्तपिपासू नायकालाही प्रथम त्याच सवयीने, संरक्षण मिळावे म्हणून, भुलवतो. मूनराइज मनोऱ्यात अराज नावाची रक्तविक्रेती भेटते. अस्टॅरियनने तिचा चावा घ्यावा अशी तिची इच्छा आहे, आणि मोबदला म्हणून ती खेळाडूला ताकद कायमची दोनाने वाढवणारे औषध देऊ करते. अस्टॅरियनला ते नको आहे. आरपीजी खेळणाऱ्याला कायमची ताकद म्हणजे काय चीज असते हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच या प्रसंगाची धार कळेल: खेळाची सारी शिकवण औषध घे म्हणते आणि समोरचे पात्र तोंड फिरवून उभे असते. दबाव आणला तर तो चावा घेतो, पण त्याची मर्जी कोसळते आणि प्रेमसंबंध असेल तर तो तुटण्यापर्यंत प्रकरण जाते. त्याचा नकार मानला तर पुढे तो कबूल करतो की आरंभी सगळे ढोंग होते, आणि शरीरसंबंधाशिवाय बरोबर राहण्याची वाटही तिथून उघडते. 'टॉरमेंट'मधील शिळेने जो आरोप ठेवला होता त्याला चोवीस वर्षांनी दिलेले हे उत्तर आहे असे म्हणता येईल, कारण येथे भुलवणारा आणि भुलवला जाणारा यांच्या जागाच बदललेल्या आहेत.

'बाल्डर्स गेट ३'चे अधिकृत भाषांतर अनेक भाषांत झाले, त्यांत मराठी नाही. परंतु मराठीत ते करायचे ठरले तर प्रणयलेखनाचा हा सारा प्रश्न व्याकरणात शिरेल. खेळाडूचे पात्र स्त्री असो, पुरुष असो वा दोन्ही नसो, इंग्रजीतील सोबती त्याला एकाच वाक्याने संबोधू शकतो. मराठीत 'तुम्ही आलात' हे वाक्य सर्वांना चालते, पण जवळीक आली की 'तुम्ही' जाऊन 'तू' येणार, आणि 'तू'बरोबर 'आलास' की 'आलीस' हे सांगावेच लागणार. म्हणजे आदरार्थी रूप लिंग झाकते आणि सलगीचे रूप ते उघड करते. गंमत अशी की प्रत्यक्ष कबुलीचे 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य मात्र बोलणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे, दोघांचेही लिंग न सांगता उच्चारता येते. त्याहून अवघड काम पुढचे आहे. अस्टॅरियनसारखा लाघवी ढोंगी पहिल्याच रात्री 'तू' म्हणेल, त्याच खेळातील सावध सोबतीण शॅडोहार्ट बरेच दिवस 'तुम्ही'वर अडून राहील, आणि दुसरी, फटकळ लेझेल, कोणालाच 'तुम्ही' म्हणणार नाही. आणि चावा घ्यायला भाग पाडल्यानंतर अस्टॅरियन खेळाडूशी पहिल्यांदा बोलेल तेव्हा त्याच्या तोंडी पुन्हा 'तुम्ही' घालायचे का, हे त्या भाषांतरकाराला ठरवावे लागेल.